कागद खराब करणाऱ्या जाऊबाई

जगात घाबरट माणसं पुष्कळ आहेत, पण स्वतःच्याच हस्ताक्षराला घाबरणारं माणूस देवानं एकच घडवलं आणि ते आमच्या घरात थोरली सून म्हणून पाठवलं, असं माझं ठाम मत आहे. एरवी आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे भीती या शब्दाशी ओळखच नसलेली बाई. पिंपरी पेंढारला आमचं घर वस्तीवर, तिन्ही अंगांना ऊस, आणि उसातला बिबट्या आता आमच्याकडे पाहुणा राहिलेला नाही, भाऊबंदच झाला आहे. एकदा भर दुपारी तो गोठ्याच्या दाराशी येऊन बसला. घरात पुरुषमाणूस नव्हतं. मी आतून कडी लावून देवाचं नाव घेत होते. जाऊबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर गेल्या, उलथण्यानं परात बडवत त्याच्या अंगावर चालून गेल्या आणि ओरडल्या, "आरं मेल्या, वासराकडं बघतोस व्हय? हो म्हागं!" तो खरोखरच मागे झाला. जाऊबाईंनी परत येऊन परात धुतली आणि राहिलेल्या भाकरी थापल्या. हीच बाई त्याच आठवड्यात, पोस्टमन एका मासिकाचं पाकीट घेऊन अंगणात आला तेव्हा, न्हाणीत शिरली आणि तो फाट्यापार जाईपर्यंत बाहेर आली नाही.

त्या लिहितात हे मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात कळलं, आणि तेही चुकून. मी मंचरची. या घरात नवी होते, कोणती वस्तू कुठे असते ते शोधत फिरत होते. बाजरीच्या कोठीत हात घातला तर धान्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले कागद लागले. निळ्या शाईत बारीक अक्षर. पहिलीच ओळ होती, "तो परत येईल असं तिला आता वाटत नव्हतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं." मी घाईनं कागदांची घडी घातली. पिशवी होती तशी पुरून ठेवली. पुढचे दोन दिवस मी थोरल्या दिरांकडे कीव येऊन बघत होते. त्यांच्या भाकरीवर लोण्याचा जास्तीचा गोळा ठेवत होते. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनीच मला चुलीपाशी गाठलं.

"वाचलंस न्हवं?"

"एकच ओळ, ताई. देवाशप्पथ एकच."

"कशी व्हती?"

"काय कशी होती?"

"वळ गं! जड वाटली का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण गोष्टी लिहितो असं मात्र त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. "जरा कागद खराब करते," एवढंच. कुणी त्यांना लेखिका म्हटलं तर त्या मागे वळून बघतात, कोण आलंय म्हणून.

कागद खराब करायला बसण्याआधी मात्र घरातलं बाकी सगळं स्वच्छ व्हावं लागतं. मनात गोष्ट आली की जाऊबाई आधी भांडी घासतात. मग घासलेली भांडी घासतात. मग माळ्यावरची, लग्नकार्यातली तपेली खाली येतात. गोष्ट फारच अडली तर उडीद भिजतात आणि पापड लाटले जातात. ज्या वर्षी त्यांनी दोन बहिणींची एक लांब गोष्ट लिहिली, त्या वर्षी आमच्याकडे इतके पापड झाले, की आम्ही ते लग्नात आहेर म्हणून दिले. शेजारच्या वस्तीवरच्या बायका आमच्या अंगणातलं वाळवण बघून आपापसात म्हणायच्या, "बाईंचं कायतरी अडलंया." सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, या लेखनाबद्दल आदर होता तो यासाठी. त्या म्हणायच्या, "लिव्हू द्या तिला. घर आरशावानी ऱ्हातंय."

लिहून झालं की ऐकण्याची पाळी माझी. गावात एवढी माणसं असताना मीच का, तर मी आळेफाट्याला चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि जाऊबाईंच्या मते नजर या विषयातलं मला कळायला हवं होतं. संध्याकाळी मी कामावरून आले की चहा पुढे यायचा आणि पाठोपाठ कागद. वाचून त्याच दाखवायच्या, पण ऐकण्याचे नियम होते. काही चावायचं नाही. फोनकडे बघायचं नाही. मान लवकर डोलवायची नाही, कारण मग, "तुला कळलंच न्हाई, नुसतीच हलवतीस." उशिराही डोलवायची नाही, कारण मग, "हितं वाचणारं कंटाळतंय." "आवडली" हा शब्द तर बंदच होता. "आवडली म्हंजी काय? वांगं आवडतं. गोष्टीचं काय ते सांग." चांगली म्हटलं तर, "तू घरातली, तू वाईट कशाला म्हणशील?" आणि एखादी खोट काढलीच तर त्यांचा चेहरा एकदम शांत व्हायचा, "मला ठाऊकच व्हतं," म्हणत त्या ते पान चुलीकडे न्यायच्या. मी किती पानं धुरातून ओढून काढली त्याचा हिशेब नाही. एकदा त्या ऐन रंगात आल्या असताना मला शिंक आली. ती गोष्ट आजवर कुणी वाचलेली नाही.

माणसं कशी बोलतात ते आपल्याला लिहिता येत नाही, ही त्यांची एक जुनी बोच. त्यासाठी त्या एकदा बेल्ह्याच्या बैलबाजारात गेल्या. घरी सांगितलं, आठवड्याचा बाजार करून येते. दोन व्यापारी एका कालवडीवरून हुज्जत घालत होते. जाऊबाई त्यांच्यात इतक्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि इतकं मन लावून ऐकू लागल्या, की शेवटी एकानं विचारलं, "बाई, तुमाला घ्यायचीया का?" आता, मी फक्त तुमचं बोलणं ऐकतेय, असं सांगणं म्हणजे लिहितो हे कबूल करणं. ते त्यांच्याच्यानं होईना. म्हणून त्या म्हणाल्या, "बघू की, दात दावा." तासाभरानं दादांना, म्हणजे आमच्या थोरल्या दिरांना, फोन आला की टेम्पो सांगा. कालवड घरी आली. दादांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्यो नुसत्या गोष्टीचा परताप. कादंबरी लिव्हाया बसलीस तर म्हशींचा कळप यायचा राव." कालवड गुणाची निघाली. आमच्यात तिचं नाव 'गोष्ट'. जाऊबाईंनी मात्र त्या बाजारातलं बोलणं कधीच लिहिलं नाही. म्हणाल्या, "घासाघीस करताना ऐकायचंच ऱ्हाऊन ग्येलं."

तोवर छापायला पाठवायची वेळ आली होती, आणि ती पाठवायची जोखीम माझ्या गळ्यात पडली. पूर्वी त्या पाकिटातून पाठवायच्या आणि पाकीट पेटीत टाकल्यावर पेटीजवळच घुटमळत राहायच्या. दोनदा त्यांनी पोस्टमनच्या हातापाया पडून पाकीट परत घेतलेलं आहे, एक शब्द बदलायचा म्हणून. मी आले आणि माझ्याबरोबर घरात मोबाइल आला. पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी गोष्टीचे फोटो पाठवले. जाऊबाईंनी फोन घेतला, जरा वेळ बघितला आणि पुसून टाकले. पुन्हा पाठवायला लावले, पुन्हा पुसले. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी संपादकांचाच फोन आला. "अहो, सकाळपासून तुम्ही काय पाठवताय आणि काय पुसताय? एकदा वाचू तरी द्या." जाऊबाईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि त्या कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसल्या. त्या गृहस्थांनी गोष्ट वाचली आणि घेतलीसुद्धा. दिवाळीत अंक आला. पण जागा कमी पडली म्हणून शेवटचं अर्धं पान कापलेलं, आणि तिथे कडबाकुट्टी यंत्राची जाहिरात.

मी संपादकांना फोन करायला निघाले होते. जाऊबाईंनी हात धरला. "शेवट चांगला असता तर त्यांनी कापला असता का?" एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. खरा घाव पुढेच होता. ज्यांनी ज्यांनी तो अंक वाचला त्या सगळ्यांनी सांगितलं, की गोष्टीचा शेवट फार सुरेख झालाय, सगळं सांगून टाकलं नाही ते बरं केलं. जाऊबाई आठवडाभर जेवल्याशा जेवल्या नाहीत. "माज्यापरीस त्या कुट्टीवाल्याला जास्त कळतंय," म्हणाल्या. आत्यांनी नातीकडून ती गोष्ट वाचून घेतली. गोष्टीत एक सासू होती. आम्ही सगळे आत्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आत्यांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला, "सासू लई मऊ लिव्हलीस. मी काय आशी हाय?"

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण जाऊबाई घाबरत होत्या तरी लिहीत होत्या. मग कादंबरी आली. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात वरच्या अंगाला. त्या लहान असताना गाव धरणात गेलं, माणसं खाली येऊन वसली. ते त्या कधी बोलत नसत. पण एका उन्हाळ्यात त्यांनी लिहायला घेतलं आणि पाच वर्षं लिहीत राहिल्या. गाव सुटण्याआधीचा एक महिना, एक आई आणि तिची धाकटी मुलगी, एवढंच. यातलं त्या मला वाचून दाखवायच्या, पण शेवट कधी दाखवला नाही. त्या वाचायच्या तेव्हा नियम सांगावे लागत नसत. मी आपोआपच चहा बाजूला ठेवायची. एके ठिकाणी आई घर सोडायच्या दिवशी सकाळी उंबरा धुते. नेहमीसारखा धुते, हळदीकुंकू वाहते. पाण्यात जायच्या घराचा उंबरा. ते ऐकलं तेव्हा मी कामावरून दमून आलेली, पाय सुजलेले, आणि तरी मला वाटलं, ही बाई आत्ता वाचायची थांबू नये.

एका प्रकाशकांनी सुरुवातीची तीन प्रकरणं मागवली. मी पानांचे फोटो काढून माझ्या ईमेलवरून पाठवले. त्यानंतर चार महिने जाऊबाई रोज संध्याकाळी दारात उभ्या असायच्या. "आलं का काय?" "नाही, ताई." "नगं येऊ दे." दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. मग एका दुपारी, मी दुकानात एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत असताना, ते आलं. लहानसं पत्र होतं. विषय जुना झालेला आहे, भाषा ओबडधोबड आहे, पुढील प्रकरणे पाठवू नयेत, शुभेच्छा. आजोबा पाचवी ओळ वाचत होते आणि मला एकही अक्षर दिसत नव्हतं.

मी ते चार दिवस लपवलं. त्यात काय शहाणपण होतं मला आज सांगता येणार नाही. रोज दारात "नाही" म्हणत होते आणि रोज ते जास्त जड जात होतं. चौथ्या संध्याकाळी जाऊबाई म्हणाल्या, "तू तीन दिस झालं बिनसाखरेचा च्या पितीयास. दाव." मी फोन दिला. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, दोनदा वाचलं. त्या कादंबरीची पानं चुलीत घालायला निघतील, म्हणून मी उठून चुलीपुढे उभी राहिले होते. पण त्यांनी तसलं काही केलं नाही. फोन पदराला पुसून मला परत दिला. "ओबडधोबड," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. आमची भाषा तशीच व्हती." आणि कणीक मळायला बसल्या.

त्यानंतर जे झालं त्यानं माझी झोप उडाली. जाऊबाई शांत झाल्या. भांडी एकदाच घासू लागल्या. संध्याकाळी आत्यांच्या शेजारी बसून मालिका बघू लागल्या, त्यातल्या सुनेवर मतं देऊ लागल्या. अंगानं भरल्या. माळ्यावर जाळी धरली, पापड विकतचे आले. घरातले सगळे खूश होते. दादा म्हणाले, "बरं झालं, सुटली यकदाची त्या जाचातनं. लई तरास करून घ्यायची." आमचे हेसुद्धा म्हणाले, की वहिनी आता माणसांत आल्या. मी कुणाला काय सांगणार? मला एकटीलाच ती शांतता बघवत नव्हती. मी मुद्दाम म्हणायची, "ताई, परवा दुकानात एक बाई आल्या होत्या, त्यांची गंमत ऐका." पूर्वी अशी गंमत सांगितली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे आणि त्या विचारायच्या, "मग ती उठताना काय बोलली?" आता म्हणायच्या, "आसं? बरं." आणि भाजी निवडत राहायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, दुसऱ्या प्रकाशकांकडे पाठवू का. त्या हसल्या. "नगं गं. मला आता झोप लागती."

त्या वर्षी टोमॅटो जोरात होता. तोडणीला सगळं घर रानात. एका सकाळी मी कामाला निघण्याआधी भरलेले क्रेट पिकअपमध्ये चढवू लागत होते. क्रेटच्या तळाशी टोमॅटोला डाग पडू नये म्हणून रद्दी घालतात. एक क्रेट अर्धवट भरलेला होता. तो उचलला आणि टोमॅटोच्या फटीतून निळी शाई दिसली. "उंबरा" एवढा शब्द वाचता आला. मी क्रेट तिथेच उलटा केला. जाऊबाई चार सरी पलीकडे तोडत होत्या. मी तिथूनच ओरडले, "ताई, हे काय आहे?"

त्यांनी मान वर केली नाही. "कागद जाड हाय त्यो. पेपराची रद्दी संपली व्हती."

"बाकीचे कुठे आहेत?"

"काल बी लावले की."

म्हणजे आदल्या दिवशीचा माल त्या कागदांवर बसून नारायणगावला गेला होता. मी काय काय बोलले ते मला पुरतं आठवत नाही. मोठ्या जावेला कुणी बोलू नये असं बोलले एवढं खरं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "माजं व्हतं. मी लावलं." दादा पिकअपपाशी उभे होते. त्या माणसानं उभ्या जन्मात बायकोची एक ओळ वाचलेली नव्हती. त्यांनी क्रेटमधून पडलेलं पान उचललं, चाळीस-पन्नास शब्द वाचले असतील, आणि चप्पल घालून गाडीत बसले. "चल गं," मला म्हणाले. "दुकानात फोन कर, येत न्हाई म्हनून."

दादा नारायणगावपर्यंत गाडी दामटत राहिले. समोरून टोमॅटोची भरलेली गाडी आली की मला वाटायचं, चालली, पाच वर्षं चालली. बाजारात आमचा माल घेतलेल्या व्यापाऱ्याची शेड सापडली. काही क्रेट तसेच कुठल्या तरी लांबच्या गाडीत गेले होते. बाकीचे तिथे रिते करून बायका टोमॅटो निवडत होत्या आणि रद्दी एका कोपऱ्यात फेकली होती, टोमॅटोच्या रसानं भिजलेली. दादा त्या ढिगात गुडघे टेकून बसले. मी एकेक पान सोडवून सुकं आणि ओलं वेगळं करत होते. तेवढ्यात लक्ष गेलं, निवडणाऱ्या बायकांतली एक, पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेली, एका हातात टोमॅटो आणि दुसऱ्या हातात आमचं पान धरून वाचत होती.

"बाई, ते पान द्या. आमचं आहे."

"देत्ये की," ती वाचता वाचता म्हणाली. "आदी सांगा, तिनं घागर नेली का न्हाई?"

"कुणी?"

"ह्या बाईनं. घर सोडताना घागर हातात घ्येतली, ठेवली, परत घ्येतली. फुडचं पान कुठं हाय?"

मला माहीत नव्हतं. तो शेवटाकडचा भाग होता आणि तो मी कधी ऐकलाच नव्हता. ती बाई पान सोडायला तयार नाही. मढ गावाकडची होती, सीझनला निवडायला येणारी. म्हणाली, "सकाळपासनं तीच घागर माज्या डोक्यात हाय." तेव्हा मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी जाऊबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सापडलं का?" तिकडून आवाज आला. अगदी बारीक.

मी काही बोलण्याआधी त्या बाईनं फोन तोंडाशी ओढला. "बाई, ह्ये तुमी लिव्हलंय व्हय? घागर नेली का न्हाई त्या बाईनं?"

मग जाऊबाई म्हणाल्या, "न्हाई नेली. तितंच ठेवली."

"का?"

"आसंच. मागं कायतरी ऱ्हावं म्हनून."

"न्हाई पटत," मढची बाई म्हणाली, अगदी सरळ. आता ही बाई उरलंसुरलं पण बुडवणार. "आवो, नव्या गावाला जायचं. पयल्या दिशी तितं पानी कुठलं? ती भरून न्येणार. आपल्या हिरीचं पानी भरून न्येणार. पोरगी हाय संगं, वाटंत तहान लागंल का न्हाई तिला?"

दादा ढिगात बसल्या बसल्या मान वर करून ऐकत होते.

"भरून?" जाऊबाई म्हणाल्या.

"भरून."

"मग जड व्हईल की. तिला पोरीचा हात धरता यायचा न्हाई."

"मग पोरगी पदर धरंल."

आणि मग, किती महिन्यांनी, मला तो आवाज ऐकू आला. घाईघाईचा, चिडका, घाबरलेला. "थांबा बाई. फोन ठिवू नगा. थांबा जरा, पेन्शील कुठं मेली ही... अगं, त्यांनी वाचलंय ते कितवं पान हाय? एकशेनव्वद? आरं देवा, त्ये तर कच्चं हाय! त्ये कशाला वाचू दिलंस त्यांना!" मी तिथे, टोमॅटोच्या रसात उभी राहून, रडले. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि परत ढिगात डोकं घातलं.

दोनशे बारा पानांतली दीडशेच्या आसपास हाती आली, माझ्या फोनातले फोटो धरून. साठेक गेली ती गेलीच. जाऊबाईंनी ती पुन्हा लिहायला घेतली, आणि हरवली तीच पानं सगळ्यांत चांगली होती, उरली ती टाकाऊ, हे त्यांचं त्या दिवसापासूनचं पालुपद. घरात उडीद भिजू लागले. माळ्यावरची तपेली खाली आली. दादा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "झाला सुरू जाच," आणि स्वतःच जाऊन वह्या घेऊन आले, आखीव की कोऱ्या ते न कळल्यानं दोन्ही. पुढे आणखी एका प्रकाशकांनी नकार दिला. तेव्हा जाऊबाई तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी गाईला म्हणाल्या, "त्यांचं बी बराबर हाय, मधला भाग सैल हाय," आणि मधला भाग काढून बसल्या. कागद चुलीकडे जायचे, पण आता अर्ध्या वाटेवरून आपणच परत यायचे. भीती गेली नाही. तिला त्यांनी बहुतेक घरात जागा करून दिली, एखाद्या कटकट्या पाहुणीला देतात तशी.

शेवटी एका लहान प्रकाशिकेनं ती कादंबरी काढली. भाषा आहे तशी ठेवली. पुस्तकं घरी आली त्या दिवशी जाऊबाईंनी खोकं उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि बाविसाव्या पानावर त्यांना एक वाक्य सापडलं, जे तसं नको होतं. झालं. ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांच्या घरी जाऊबाई चहाच्या निमित्तानं जायच्या, पुस्तक बघायला मागायच्या आणि गुपचूप पेन्सिलीनं ती ओळ खोडायच्या. आमच्या पंचक्रोशीत त्या पुस्तकाच्या जेवढ्या प्रती आहेत, त्या सगळ्यांत बाविसाव्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. शाळेतल्या प्रतीतसुद्धा. एक प्रत मढला, त्या टोमॅटो निवडणाऱ्या बाईकडे गेली, ती मात्र त्यांनी न खोडता दिली. का, ते मी विचारलं नाही.

आता आम्ही चाकणला राहतो. ह्यांची नोकरी इकडे, मुलीची शाळा इकडे, मीही इथल्याच एका चष्म्याच्या दुकानात लागले. दोन खोल्यांचं घर आहे, गॅलरीतून समोरची इमारत दिसते. संध्याकाळी मी कामावरून येते, चहा करते आणि तो गरम असतानाच पिऊन टाकते, कारण थांबवणारं कुणी नाही. जाऊबाईंचा फोन येतो, पण फोनवर त्या वाचत नाहीत. म्हणतात, तोंड दिसल्याशिवाय वाचता येत न्हाई.

गेल्या महिन्यात असाच फोन आला. टोमॅटो कसा आहे, आत्यांचा गुडघा कसा आहे, सगळं झालं. मग त्या म्हणाल्या, "कागद खराब करत्ये जरा."

"कशावर, ताई?"

"तुज्यावर."

मी हसले, पण हातातला कप खाली ठेवला. "माझ्यावर? आणि मी तिथे होते तेव्हा नाही लिहिलंत ते?"

"समोर व्हतीस तवा कसं लिव्हू? माणूस उठून ग्येल्यावर दिसायला लागतं गं."

त्यांचं गाव, ती विहीर, तो उंबरा सगळं त्यांना असंच दिसलं असणार, आणि आता त्या रांगेत मीही जाऊन बसले होते, चाकणच्या दोन खोल्यांत जिवंत असताना. त्यांनी काय लिहिलं असेल? ते चार दिवस मी पत्र लपवलं, ते? रानात मी जे बोलले, ते? की दमून आलेली, पाय सुजलेली एक बाई, ऐकत बसलेली?

"वाचून दाखवा ना, ताई," मी म्हटलं. "मी काही चावत नाहीये."

"अजून कच्चं हाय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.